दाणेदार वीण

दाणेदार वीण : दोन सुयांवरील हातविणकामातील एक अलंकरणात्मक, उठावदार पोताची वीण. सुलट व उलट हे दोन टाके आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी एकाआड एक घेतल्यामुळे विणलेल्या पृष्ठावर बारीक दाणे पेरल्यासारखे दिसतात. हिंदी भाषिक प्रदेशात ही वीण ‘साबूदाना’ या नावाने परिचित आहे. इंग्लंडमध्ये तिला ‘मॉस’ म्हणजे शेवाळ, तर अमेरिकेत ‘सीड’ म्हणजे बी या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. तिच्यासाठी जादा सुई, दुसऱ्या रंगाचा धागा किंवा टाक्यांची अदलाबदल यांपैकी कशाचीही गरज नसते. म्हणून उठावदार विणींपैकी नवशिक्याने प्रथम शिकावयाची वीण म्हणून तिची निवड करतात. तथापि तिचे खरे शैक्षणिक महत्त्व सोपेपणात नाही. सुईवरील टाका पाहून पुढील टाका कोणता घ्यावा, हे ठरविण्याची सवय या विणीमुळे लागते. ही सवय लागली, की लिहिलेल्या कृतीवरील अवलंबन कमी होते.

मराठीत ‘विणकाम’ हा शब्द दोन भिन्न क्रियांसाठी वापरतात. मागावरील विणकामात ताणा व बाणा असे धाग्यांचे दोन संच काटकोनात एकमेकांत गुंततात. कोष्टी, साळी व सणगर यांचे परंपरागत काम या प्रकारचे होय. सुयांवरील विणकामात मात्र एकाच अखंड धाग्याचे फास एकमेकांतून ओढून वस्त्र तयार होते. फासांमुळे असे वस्त्र ताणले जाते व सोडल्यावर पूर्ववत होते. प्रस्तुत नोंदीत ‘विणकाम’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

इतिहास : इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे व विणलेले तुकडे हे सुयांवरील विणकामाच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत मोडतात. त्यांचा काळ सामान्यतः अकरावे ते चौदावे शतक असा मानला जातो. त्याहून जुने इजिप्शियन मोजेही उपलब्ध आहेत. परंतु ते एकाच नेढ्याच्या सुईने धागा गुंतवून केलेले असून त्यांची रचना वेगळी आहे. यूरोपातील आरंभीच्या विणकामात सुलट टाक्याचेच प्राधान्य दिसते. नक्षीसाठी उलट टाक्याचा जाणीवपूर्वक उपयोग सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट दिसू लागतो. १५६२ मध्ये मरण पावलेल्या टोलेडोच्या एलेनोर या फ्लॉरेन्सच्या डचेसच्या दफनवस्त्रांतील रेशमी मोजे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्या यंत्रावर एकाच बाजूने फास ओढले जात असल्याने साधी सपाट वीणच निघे. सुलट व उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्या यंत्रावर काढण्यासाठी सुयांचा दुसरा संच जोडावा लागला. ही जोडणी जेडेडाया स्ट्रट याने १७५८-५९ च्या सुमारास पेटंट केली. हाताने विणणारा धागा मागून पुढे घेऊन जे काम क्षणात करतो, त्यासाठी यंत्राला सु. १७० वर्षे थांबावे लागले. इंग्लंड व स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या एकरंगी, घट्ट विणीच्या सदऱ्यांवर दाणे, शिड्या व चौकटी यांची नक्षी केवळ सुलट-उलट टाक्यांच्या मांडणीने साधलेली आढळते. आयर्लंडमधील ॲरन बेटांच्या नावाने विसाव्या शतकात प्रसिद्धीस आलेल्या स्वेटरांत वेण्यांमधील चौकटी भरण्यासाठी दाणेदार विणीचा सर्रास उपयोग करतात.

महाराष्ट्रात सुयांवरील विणकामाचा प्रसार प्रामुख्याने मुलींच्या शाळांमधून आणि घरगुती शिकवणीतून झाला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. १८३९ पासून सिंथिया फरार यांनी तेथे मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांत अक्षरओळखीबरोबर शिवण व सुईकाम शिकविण्याची प्रथा होती. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना स्वावलंबनासाठी हस्तव्यवसायांचे शिक्षण दिले. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धाच्या वेळी भारतभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठविले. नवजात बालकासाठी तयार करावयाच्या बाळंतविड्यात टोपरे, मोजे व स्वेटर या लोकरी वस्तूंना मिळालेले स्थान हे या कलेच्या घरगुती स्वीकाराचे द्योतक आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : या कलेची लोकर कोठून येते, हे पाहण्यास पारनेर तालुक्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील सुपा हे गाव या तालुक्यात असून ते आता औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झाले आहे. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतील पठारी व अवर्षणप्रवण प्रदेश होय. हिवाळ्यातील रात्री येथे बऱ्यापैकी थंड असतात. शहर परिसरातील किमान तापमान काही वेळा १०° से. च्या खाली जाते. कोरड्या माळरानामुळे मेंढपाळी हा या भागातील जुना व्यवसाय असून धवळपुरीच्या परिसरात धनगरांची मोठी वस्ती आहे. पावसाळा संपल्यावर अनेक कळप चाऱ्यासाठी कोकणाच्या दिशेने जातात.

या कळपांतील दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी किंवा करडी, आखूड व राठ असते. तिच्या तंतूंचा सरासरी व्यास सामान्यतः ४० मायक्रॉनांहून अधिक असतो. मेरिनो लोकरीच्या तंतूंचा व्यास साधारणपणे २४ मायक्रॉनांहून कमी असतो. जाड तंतूची टोके त्वचेला टोचतात. त्यामुळे दख्खनी लोकरीचा उपयोग अंगालगतच्या कपड्यांपेक्षा घोंगडीसाठी होत आला. टकळीवर वा चरख्यावर कातलेले हे सूत सणगर मागावर विणतात आणि त्याला चिंचोक्याच्या खळीने ताठपणा आणतात. अशा रीतीने लोकर उत्पन्न करणाऱ्या प्रदेशातही सुयांवर विणावयाची मऊ लोकर मात्र बाहेरून आणावी लागली. मेंढपाळाची लोकर व घरातील स्वेटर यांचा धागा एक नाही, ही वस्तुस्थिती नवशिक्याच्या साहित्यनिवडीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. काळ्या व केसाळ धाग्यावर टाक्याचा आकार दिसत नाही आणि जे दिसत नाही ते ओळखता येत नाही.

टाक्याची रचना : सुलट व उलट हे वस्तुतः दोन निराळे टाके नसून एकाच फासाच्या दोन बाजू आहेत. जुन्या फासातून नवा फास मागून पुढे ओढला, तर समोर सपाट, वेणीच्या पेडासारखा आकार दिसतो. हा सुलट टाका होय. नवा फास पुढून मागे ढकलला, तर जुन्या फासाचा माथा समोर आडवा उभारून येतो व तो दाण्यासारखा दिसतो. हा उलट टाका होय. समोरून सुलट दिसणारा टाका मागून उलट आणि समोरून उलट दिसणारा टाका मागून सुलट दिसतो. ओळ संपल्यावर काम वळवून दुसऱ्या बाजूने विणावयाचे असल्याने हे तत्त्व नीट समजणे आवश्यक असते.

एक ओळ सुलट व परतीची ओळ उलट विणल्यास समोर सर्व पेडच दिसतात व सपाट वीण तयार होते. तिच्यातील सर्व फास एकाच दिशेने ओढलेले असल्याने ताण असमतोल राहतो. परिणामी कापडाच्या बाजूच्या कडा मागे व वरच्या-खालच्या कडा पुढे वळतात. सर्व ओळी सुलट विणल्यास एकाआड एक ओळीत दाणे येऊन आडव्या वळ्या उमटतात. पेडावर पेड व दाण्यावर दाणा येऊ दिल्यास उभ्या पट्ट्या तयार होतात. त्यांतील पेडांच्या पट्ट्या पुढे येतात व दाण्यांच्या मागे जातात. म्हणून हे कापड आक्रसते व ताणल्यास पसरते. मनगट, गळा व कंबर येथे ते उपयुक्त ठरते.

दाणेदार विणीत प्रत्येक पेडाच्या चारही बाजूंना दाणा आणि प्रत्येक दाण्याच्या चारही बाजूंना पेड असतो. दोन्ही दिशांचा ताण एकमेकांस तोलून धरतो. त्यामुळे कडा वळत नाहीत, कापड सपाट राहते व त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. सपाट विणीच्या तुलनेत ते रुंदीला अधिक व उंचीला कमी भरते. ते जाड व उबदार असते, परंतु तेवढ्याच क्षेत्रफळासाठी धागा अधिक लागतो. धागा प्रत्येक टाक्याला पुढे-मागे करावा लागत असल्याने वेळही अधिक लागतो.

साधने व सामग्री : एकाच मापाच्या दोन सुया, लोकर, कात्री, मोजपट्टी, टोके शिवून घेण्यासाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि सुटलेला टाका उचलण्यासाठी क्रोशाची सुई एवढे साहित्य पुरते. भारतात विणकामाच्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असतात. या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. १२ क्रमांकाची सुई २.७५ मिमी., १० क्रमांकाची ३.२५ मिमी., ९ क्रमांकाची ३.७५ मिमी. व ८ क्रमांकाची ४ मिमी. व्यासाची असते. नवशिक्याने मध्यम जाडीच्या लोकरीसाठी ८ किंवा ९ क्रमांकाच्या सुया घ्याव्यात. फार बारीक सुयांवर टाके दिसण्यास कठीण जातात व फार जाड सुयांवर ते सैल पडतात.

पहिल्या कामासाठी फिकट, एकरंगी व गुळगुळीत पिळाची लोकर निवडावी. काळा, गर्द निळा व तपकिरी हे रंग, तसेच अनेक रंग मिसळलेली किंवा केसाळ लोकर दाणे झाकून टाकते. बाजारात लोकर या नावाने मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिक या कृत्रिम तंतूचा असतो. तो स्वस्त, धुण्यास सोपा व सरावासाठी सोयीचा असतो. मात्र त्याला लोकरीचे सर्व गुण नसतात. लोकर सहजासहजी पेट घेत नाही व ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते. ॲक्रिलिक पेट घेते, वितळते व त्वचेला चिकटते. बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक देण्याची पद्धत ज्या घरांत आहे, तेथे हा भेद विशेष लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ॲक्रिलिकचे टोपरे वा स्वेटर घातलेल्या बालकास विस्तवाजवळ नेऊ नये.

विणण्याची कृती : प्रथम सुईवर सरकगाठ घेऊन टाके घालतात. सरावासाठी २१ टाके पुरेत. संख्या विषम ठेवण्याचे कारण पुढे दिले आहे. टाके इतपत सैल असावेत, की सुईवर ते सहज सरकतील. टाके घातलेली सुई डाव्या हातात व मोकळी सुई उजव्या हातात धरावी.

सुलट टाक्यासाठी धागा कामाच्या मागे ठेवतात. उजवी सुई डाव्या सुईवरील पहिल्या फासात पुढून मागे घालून तिच्यावर धागा गुंडाळतात, तो फासातून पुढे ओढून घेतात आणि जुना फास डाव्या सुईवरून सोडतात. उलट टाक्यासाठी धागा प्रथम दोन सुयांमधून पुढे आणतात. उजवी सुई फासात उजवीकडून डावीकडे, मागून पुढे घालतात, धागा गुंडाळून नवा फास मागे ढकलतात व जुना फास सोडतात. त्यानंतरचा टाका सुलट असल्यास धागा पुन्हा दोन सुयांमधून मागे न्यावा लागतो. धागा सुईवरून न नेता सुयांमधून नेणे, ही या विणीतील सर्वांत महत्त्वाची हालचाल होय.

पहिली ओळ एक सुलट, एक उलट या क्रमाने विणावी. टाके विषम असल्याने ओळीचा आरंभ व शेवट सुलट टाक्याने होतो. काम वळविल्यावर तोच शेवटचा सुलट टाका आता मागच्या बाजूने, म्हणजे दाण्याच्या रूपात, समोर येतो. त्यावर पुन्हा सुलट टाका घेतल्यास दाण्यावर पेड येतो व वीण साधते. म्हणून विषम संख्येत प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशीच सुरू करावयाची असते. ओळींचा क्रमांक लक्षात ठेवावा लागत नाही. टाके सम असल्यास पहिली ओळ सुलट टाक्याने व दुसरी उलट टाक्याने सुरू करावी लागते व पुढे हाच क्रम चालवावा लागतो.

वरील सूत्र पाठ करून वीण येते, परंतु ते ओळीच्या आरंभीच उपयोगी पडते. काम मध्येच थांबल्यास किंवा लक्ष विचलित झाल्यास त्याचा आधार राहत नाही. त्याऐवजी पुढील नियम कोठूनही लागू करता येतो : डाव्या सुईवरील पुढच्या टाक्याच्या बुडाशी दाणा दिसल्यास सुलट विणावे, पेड दिसल्यास उलट विणावे. म्हणजेच जे दिसते त्याच्या विरुद्ध करावे. पहिल्या दोन-तीन ओळींत दाणे स्पष्ट नसल्याने मोजून विणणे इष्ट. सु. २ सेंमी. कापड तयार झाल्यावर मात्र मोजणे सोडून टाका पाहून विणण्याचा सराव करावा.

शेवटी टाके बंद करतानाही हाच क्रम पाळतात. दोन टाके विणीप्रमाणे विणून पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून सोडतात, मग तिसरा विणून दुसरा त्यावरून सोडतात. ही ओळ आवळून विणल्यास वरची कड आखडते. म्हणून ती सैल हाताने विणावी. नवा गुंडा जोडावयाचा झाल्यास ओळीच्या आरंभी जोडावा, मध्ये गाठ घेऊ नये.

दोष व दुरुस्ती : नवशिक्याच्या कामात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे टाक्यांची संख्या वाढणे. उलट टाक्यानंतर धागा मागे नेण्याचे विसरून तसाच सुलट टाका विणल्यास धागा सुईवर आडवा पडतो. पुढील ओळीत तो टाका समजून विणला जातो. तेथे छिद्र पडते व एक टाका वाढतो. विषम संख्या सम झाल्याने प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करण्याचे सूत्र लगेच फसते. दाण्यावर दाणा व पेडावर पेड येऊ लागतो आणि कापडावर उभ्या पट्ट्या उमटतात. पट्ट्या दिसू लागणे हे अशा प्रकारे चुकलेल्या संख्येचे लक्षण होय. पहिल्या सरावात प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजल्यास चूक एका ओळीपुरतीच राहते.

चूक त्याच ओळीत ध्यानात आल्यास तेथपर्यंतचे टाके एकेक करून उलगडून डाव्या सुईवर परत घ्यावेत. अनेक ओळी खाली गेल्या असल्यास सुई काढून उसवणे सोयीचे ठरते. त्या वेळी टाके सुईवर परत घेताना ते पिळले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. पिळलेला टाका विणल्यावर आवळलेला दिसतो. गळलेला टाका क्रोशाच्या सुईने वर उचलता येतो. सपाट विणीत तो एकाच बाजूने उचलतात. दाणेदार विणीत मात्र एक पायरी समोरून व पुढची मागून उचलावी लागते, कारण उभ्या दिशेनेही पेड व दाणा एकाआड एक असतात. शेजारच्या स्तंभांशी तुलना केल्यास कोणत्या पायरीवर काय हवे, ते समजते.

दुसरा दोष असमान ताणाचा असतो. धागा मागून पुढे आणताना तो सैल राहिल्यास दाणे लहानमोठे दिसतात. धागा उजव्या हाताच्या बोटांतून एकाच पद्धतीने गुंतवून धरल्यास हा दोष सरावाने कमी होतो. काही दिवस काम थांबवावयाचे असल्यास ओळ पूर्ण करूनच थांबावे. अर्धवट ओळीत टाके ताणले जातात.

माप व प्रमाण : कोणतीही वस्तू विणण्यापूर्वी त्याच सुया, तीच लोकर व तीच वीण वापरून सु. १२ सेंमी. रुंद चौकोनी नमुना विणावा आणि मधल्या १० सेंमी. मध्ये किती टाके बसतात, ते मोजावे. सपाट विणीच्या नमुन्यावरून दाणेदार विणीचे माप काढल्यास वस्तू मोठी होते. उदा., सपाट विणीत १० सेंमी. मध्ये २२ टाके बसले म्हणून ५० सेंमी. घेराच्या लहान मुलाच्या स्वेटरसाठी ११० टाके घातले. परंतु दाणेदार विणीत १० सेंमी. मध्ये २० टाकेच बसत असतील, तर घेर ५५ सेंमी. होईल. नमुन्यासाठी दिलेला तासभर वेळ पुढील अनेक दिवसांचे काम वाचवितो.

पहिली वस्तू म्हणून गळपट्टा योग्य ठरतो, कारण त्यात टाके वाढवावे वा कमी करावे लागत नाहीत. १० सेंमी. ला २० टाके या प्रमाणात २० सेंमी. रुंदीसाठी ४० टाके होतात. विषम संख्येसाठी ४१ घ्यावेत. हवी ती लांबी होईपर्यंत एकच ओळ पुन:पुन्हा विणावयाची असते. आकार देण्याच्या कामात टाके कमी करताना दोन टाके एकत्र विणल्यास क्रम बिघडतो. तीन टाके एकत्र विणून एकदम दोन कमी केल्यास पेड व दाणे यांचा क्रम अबाधित राहतो. वाढविण्याच्या बाबतीतही एकाच जागी दोन टाके वाढविणे श्रेयस्कर असते.

संबंधित विणी : दाणेदार वीण अवगत झाल्यावर तिच्याच तत्त्वावरील अन्य उठावदार विणी सहज समजतात. दुहेरी दाण्याच्या विणीत प्रत्येक क्रम दोन ओळी टिकवितात. सम टाक्यांवर पहिल्या दोन ओळी एक सुलट, एक उलट अशा आणि पुढील दोन ओळी एक उलट, एक सुलट अशा विणतात. त्यामुळे दाणे उभट दिसतात. चटई विणीत हीच कल्पना मोठ्या चौकटींसाठी वापरतात. टाक्यांची संख्या ८ च्या पटीत घेऊन पहिल्या चार ओळी चार सुलट, चार उलट अशा व पुढील चार ओळी चार उलट, चार सुलट अशा विणल्यास पेड व दाणे यांचे चौकोन एकाआड एक येतात. चौकोनांऐवजी तिरप्या रेषा, शंकरपाळ्याचा आकार किंवा अक्षरेही याच रीतीने काढता येतात. त्यासाठी चौकटीच्या कागदावर दाण्याच्या जागी टिंब व पेडाच्या जागी रिकामे घर ठेवून आराखडा करतात. वेणीच्या विणीत मात्र टाक्यांची जागा जादा सुईने बदलावी लागते व जाळीच्या विणीत धागा सुईवर मुद्दाम आडवा घेऊन छिद्रे पाडतात. नवशिक्याच्या हातून दाणेदार विणीत चुकून पडणारे छिद्र आणि जाळीतील छिद्र यांची कृती एकच असते. भेद केवळ हेतूचा व टाक्यांच्या हिशेबाचा असतो.

उपयोग व निगा : कडा न वळण्याच्या गुणामुळे गळपट्टे, पांघरुणे, स्वेटरच्या पुढील पट्ट्या, गळपट्ट्या व खिसे यांसाठी ही वीण वापरतात. दोन्ही बाजू सारख्या असल्याने उलटी पडली तरी वाईट दिसणार नाही, अशा दुपट्यासारख्या वस्तूंना ती शोभते. टोपऱ्याच्या कडेला तिची काही ओळींची किनार पुरेशी होते. लहान मुलांच्या वस्तूंत गळ्याभोवती लांब नाड्या व सैल धागे ठेवू नयेत. लोकरी वस्तू कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात, पिळू नयेत व सावलीत आडव्या पसरून वाळवाव्यात. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या वजनाने त्या लांबतात. दाण्यांवरून गरम इस्त्री दाबून फिरविल्यास उठाव नष्ट होतो.

शिक्षण व प्रसार : भारतातील यंत्रविणकामाचे लुधियाना हे प्रमुख केंद्र होय. तेथील व अन्यत्रचे तयार स्वेटर स्वस्तात व सर्वत्र मिळू लागल्याने हाताने विणणे ही घरगुती निकड राहिली नाही. सुप्यासारख्या गावातही शेती व मेंढपाळी यांच्या जोडीला कारखान्यांतील पाळ्यांचे काम आले असून रिकाम्या वेळेचे स्वरूप बदलले आहे. दुसरीकडे दख्खनी लोकरीला मिळणारा भाव पुष्कळ ठिकाणी कातरणीच्या खर्चालाही पुरत नाही. राठ लोकर अंगाला टोचत असली, तरी आसने, पिशव्या व पायपुसणी यांसाठी तिचे जाड सूत वापरता येते. अशा वस्तूंना सपाट राहणारी, जाड व दोन्ही बाजूंनी सारखी वीण लागते आणि दाणेदार विणीत हे तिन्ही गुण आहेत. मात्र काळ्या सुतावर दाणे उठून दिसत नसल्याने अशा कामासाठी हात आधी फिकट धाग्यावर तयार झालेला असावा लागतो.

ही कला बहुतांशी आईकडून मुलीकडे व शेजारणीकडून शेजारणीकडे, न लिहिता पोहोचत आली. अशा शिकवणीत पुष्कळदा विशिष्ट वस्तूचे टाके व ओळी पाठ करून घेतल्या जातात. लोकरीची जाडी किंवा मुलाचे माप बदलले, की पाठ केलेली संख्या उपयोगी पडत नाही व शिकणारी व्यक्ती पुन्हा शिकविणाऱ्यावर अवलंबून राहते. पेड व दाणा ओळखणे, नमुन्यावरून टाके काढणे आणि चूक शोधून दुरुस्त करणे ही तीन कौशल्ये प्रथम दिल्यास ही अडचण येत नाही. अशी व्यक्ती समोर असलेल्या कोणत्याही विणलेल्या वस्तूवरून तिची कृती वाचू शकते, मग ती वस्तू विणणारी व्यक्ती हयात असो वा नसो. जुन्या बाळंतविड्यांतील अनेक विणींची कृती कोठेही लिहिलेली नसते. ती केवळ त्या टोपऱ्या-मोज्यांतच टिकून असते. दाणेदार विणीचा अभ्यास हा त्या वाचनाचा पहिला धडा होय.